दोन असमान टोकांचा पूल

दोन वेगवेगळ्या धातूंचे अणू एकाच रेणूत, ठरवलेल्या अंतरावर आणि ठरवलेल्या क्रमाने शेजारी बसवणे हे अकार्बनी रसायनशास्त्रातील अवघड कामांपैकी एक समजले जाते. दोन धातू एकत्र वितळवले तर मिश्रधातू मिळतो खरा, पण त्यात असंख्य अणूंची सरमिसळ झालेली असते आणि एखाद्या अणूच्या शेजारी दुसऱ्या धातूचे किती अणू येतील हे नेमके ठरवता येत नाही. दोन धातूंचे क्षार एकाच द्रावणात विरघळवले तर बहुधा प्रत्येक धातू आपापले संयुग बनवून मोकळा होतो. ऱ्होडियमचा एक अणू आणि त्याला लागून पॅलेडियमचा एक अणू, एवढेच धातू असलेला रेणू हवा असेल, तर दोघांनाही धरून ठेवणारा तिसरा घटक लागतो आणि कोणत्या बाजूला कोणता धातू यावा ही निवडही त्या घटकाने करावी लागते. पिरिडिलफॉस्फिन या वर्गातील कार्बनी संयुगांत हे दोन्ही गुण आढळतात. या संयुगांची दोन टोके एकसारखी नसतात, आणि त्यांचा बहुतेक उपयोग या असमानतेतूनच निघतो.

असा रेणू घडवण्याचा खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी धातूंच्या स्वभावाकडे पाहावे लागते. अनेक औद्योगिक अभिक्रियांमध्ये धातू उत्प्रेरक म्हणून काम करतात, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवतात. एकाच धातूच्या अणूवर मात्र मर्यादा पडतात, कारण जो धातू कार्बन मोनॉक्साइड सहज पकडतो तोच इलेक्ट्रॉन देण्याघेण्यात किंवा अम्लाचे काम करण्यात तेवढाच तरबेज असेल असे नाही. दोन भिन्न धातू काही अँगस्ट्रॉमच्या अंतरावर असतील, तर एकाने रेणूचे एक टोक धरावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकावर काम करावे अशी विभागणी होऊ शकते. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या सूक्ष्म अंतरावरची मांडणी कोणत्याही हत्याराने करता येत नाही, ती रेणूच्या रचनेतूनच साधावी लागते.

धातूच्या अणूभोवती इतर अणू किंवा रेणू ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांना बांधले गेले की त्या संयुगाला जटिल संयुग म्हणतात, आणि धातूला बांधल्या गेलेल्या अशा प्रत्येक घटकाला लिगंड म्हणतात. या संयुगांच्या रचनेचा सिद्धांत आल्फ्रेड वेर्नर या झुरिकच्या रसायनशास्त्रज्ञाने 1893 मध्ये मांडला आणि त्याबद्दल त्याला 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या सहसंयुजी बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात. लिगंड आणि धातू यांच्यातील बंधात मात्र लिगंड आपल्याकडील इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी पुढे करतो आणि धातू ती स्वीकारतो, म्हणून त्याला दाता बंध असे म्हटले जाते. ज्या लिगंडाकडे अशा दोन जोड्या दोन वेगळ्या अणूंवर असतात, त्याच्यापुढे दोन पर्याय राहतात. तो दोन्ही जोड्या एकाच धातूला देऊन त्याला चिमट्यात पकडू शकतो किंवा एकेक जोडी एकेका धातूला देऊन दोघांमध्ये सेतू बनू शकतो. कोणता पर्याय घडेल हे बरेचसे लिगंडाच्या भूमितीवर अवलंबून असते.

पिरिडीन हे सहा अणूंचे सपाट वलय आहे. त्यात पाच अणू कार्बनचे आणि एक नायट्रोजनचा असतो, आणि नायट्रोजनवरील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी वलयाच्याच प्रतलात बाहेरच्या दिशेला रोखलेली असते. फॉस्फिन म्हणजे तीन गट जोडलेला फॉस्फरसचा अणू, ज्याच्या चौथ्या दिशेला मोकळी जोडी असते. उत्प्रेरकांच्या जगात सर्वपरिचित असलेल्या ट्रायफिनिलफॉस्फिनमध्ये फॉस्फरसला बेंझीनची तीन वलये जोडलेली असतात. त्यांपैकी एका वलयाच्या जागी पिरिडीनचे वलय आणले आणि ते नायट्रोजनच्या लगतच्या कार्बनमधून फॉस्फरसला जोडले, की 2-डायफिनिलफॉस्फिनोपिरिडीन हे या वर्गातील सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले संयुग तयार होते. नावातील 2 हा अंक वलयातील जागा दाखवतो. नायट्रोजनला पहिला क्रमांक दिला तर त्याच्या शेजारचा कार्बन दुसरा येतो. 2-पिरिडिल गट असलेल्या फॉस्फिनांचे वर्णन केंब्रिजच्या मान आणि वॉटसन यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केले, पण ही संयुगे क्षार कशी बनवतात हा त्यांचा प्रश्न होता. दोन धातू जोडण्याचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता.

या लिगंडात फॉस्फरस आणि नायट्रोजन यांच्यामध्ये कार्बनचा एकच अणू आहे, आणि या एका गोष्टीवर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. दोन्ही टोकांनी एकाच धातूला पकडायचे म्हटले तर धातू, फॉस्फरस, कार्बन आणि नायट्रोजन असे चार अणूंचे वलय तयार होते, ज्यातील कोन इतके आवळले जातात की रेणूवर ताण येतो. रुथेनियमसारख्या काही धातूंच्या संयुगांत असे वलय आढळते, पण संधी मिळताच ते उघडण्याकडे त्याचा कल असतो. त्याऐवजी फॉस्फरसने एक धातू आणि नायट्रोजनने दुसरा धातू धरला, आणि ते दोन धातू एकमेकांना भिडले, तर पाच अणूंचे मोकळे वलय तयार होते. दोन्ही मोकळ्या जोड्या साधारण एकाच दिशेला रोखलेल्या असल्यामुळे दोन धातूंमधील अंतर पुष्कळदा अडीच ते तीन अँगस्ट्रॉमच्या आसपास येते आणि त्यांच्यात प्रत्यक्ष बंध जुळण्यास वाव मिळतो. बंध जुळेल की नाही हे शेवटी त्या धातूंच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. लिगंड फक्त त्यांना तेवढे जवळ आणून ठेवतो.

भूमितीने सेतू मिळतो, पण दोन वेगळे धातू दोन ठरलेल्या बाजूंना का बसतात याचे उत्तर टोकांच्या स्वभावात आहे. राल्फ पिअर्सन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1963 मध्ये इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे घटक ‘कठीण’ आणि ‘मृदू’ अशा दोन गटांत विभागले. लहान, घट्ट, ज्यांचा इलेक्ट्रॉनमेघ सहज विकृत होत नाही असे घटक कठीण, तर मोठे आणि सहज विकृत होणारे घटक मृदू. कठीण घटक कठीण घटकाशी आणि मृदू घटक मृदू घटकाशी अधिक स्थिर बंध करतो, असे या नियमाचे सार आहे. फॉस्फिनमधील फॉस्फरस मृदू गटात येतो, म्हणून ऱ्होडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम आणि सोने यांच्या कमी भाराच्या अवस्थांना तो घट्ट धरतो. पिरिडीनमधील नायट्रोजन सीमेवरचा आहे; जस्त, द्विसंयुजी तांबे किंवा लोह अशा सीमेवरच्या धातूंशी त्याचे चांगले जमते आणि चांदीसारख्या मृदू धातूशीही तो बांधला जातो, पण हा बंध तुलनेने सैल असतो व सहज सुटतो. त्यामुळे दोन धातूंपैकी फॉस्फरसवर अधिक हक्क सांगणारा धातू तिथे बसतो आणि नायट्रोजनचे टोक दुसऱ्यासाठी उरते.

सेतू बनवणारे लिगंड यापूर्वीही वापरात होते. त्यांपैकी बिसडायफिनिलफॉस्फिनोमिथेन, ज्याला प्रयोगशाळेत डीपीपीएम म्हणतात, त्यात कार्बनच्या एका अणूच्या दोन बाजूंना फॉस्फरसचे दोन अणू असतात. त्याची मांडणी पिरिडिलफॉस्फिनसारखीच आहे, पण दोन्ही टोके तंतोतंत सारखी असल्यामुळे एकाच धातूचे दोन अणू जोडायला तो फार सोयीचा ठरतो, तर दोन वेगळे धातू जोडताना कोणते टोक कोणाला हे लिगंड स्वतः ठरवत नाही. तिथे सगळी मदार अभिक्रिया करण्याच्या क्रमावर ठेवावी लागते.

अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलन बाल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास 2-डायफिनिलफॉस्फिनोपिरिडीनच्या असमान टोकांचा पद्धतशीर उपयोग करून घेतला. या कामाची रीत टप्प्याटप्प्याची आहे. प्रथम लिगंडाचे दोन रेणू फक्त फॉस्फरसच्या टोकांनी ऱ्होडियमला जोडले जातात. त्याच ऱ्होडियमवर कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू आणि क्लोरीनचा एक अणू असतो, आणि पिरिडीनची दोन्ही वलये मोकळी राहतात. अशा संयुगाला धातुलिगंड म्हणता येईल, कारण ते स्वतः एक जटिल संयुग असूनही त्याच्याकडे आणखी एका धातूला देण्यासाठी इलेक्ट्रॉन-जोड्या शिल्लक असतात. आता त्यात पॅलेडियम क्लोराइडचे असे संयुग घातले, ज्यातील सैल बांधलेला हायड्रोकार्बन सहज निघून जातो, की पॅलेडियम त्या जोड्या घेतो आणि ऱ्होडियम-पॅलेडियम असा एक रेणू तयार होतो. त्यात दोन पिरिडिलफॉस्फिने, एक कार्बन मोनॉक्साइड आणि तीन क्लोरीन असतात, आणि दोन धातूंमधील सुमारे 2.6 अँगस्ट्रॉमचे अंतर त्यांच्यात खरा बंध असल्याची साक्ष देते. म्हणजे दुसरा धातू नुसता शेजारी येऊन बसला नाही. येताना इलेक्ट्रॉनांची फेरवाटणीही झाली. याच गटाने प्लॅटिनमसह इतर धातूंच्या जोड्याही बनवल्या, तसेच पिरिडीनच्या दोन्ही बाजूंना फॉस्फरस असलेल्या लिगंडाच्या आधारे ऱ्होडियमचे तीन अणू एकत्र बांधले.

चीनमधील त्येन्त्सिन येथील नानकाई विद्यापीठातील संशोधकांनी हीच कल्पना लोहावर वापरली. लोहाला कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू आणि एकमेकांच्या समोरासमोर दोन पिरिडिलफॉस्फिने जोडलेले संयुग त्यांनी धातुलिगंड म्हणून घेतले आणि त्याच्या मोकळ्या नायट्रोजनांपाशी पारा, चांदी, तांबे, जस्त, कॅडमियम असे धातू आणून बसवले. या रचनेत लोह स्वतःही आपली इलेक्ट्रॉन-जोडी शेजारच्या धातूला देऊ शकते. म्हणजे एरवी नेहमी इलेक्ट्रॉन घेणारा धातू इथे देणाऱ्याच्या भूमिकेत येतो.

दोन लिगंड दोन धातूंना जोडत असतील तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. दोन्ही फॉस्फरस एका धातूवर आणि दोन्ही नायट्रोजन दुसऱ्यावर असतील तर ती डोक्याला-डोके मांडणी, आणि प्रत्येक धातूवर एक फॉस्फरस व एक नायट्रोजन असेल तर ती डोक्याला-शेपूट मांडणी. रासायनिक सूत्र तेच, पण रचना वेगळी, म्हणून ही दोन समघटक संयुगे ठरतात आणि त्यांचे गुणधर्मही वेगळे असतात. टप्प्याटप्प्याने बांधणी करताना पहिली मांडणी मिळेल अशी अपेक्षा असते. परंतु दुसरा धातूही फॉस्फरसची ओढ असलेला निघाला, तर अभिक्रियेदरम्यान एक लिगंड उलटा फिरून बसण्याची शक्यता राहते. जोडीतील धातू स्वभावाने जितके भिन्न, तितका हा धोका कमी. धातू एकमेकांसारखे असतील तर लिगंडाच्या निवडशक्तीची मर्यादा लवकर उघडी पडते.

कोणते टोक कोणत्या धातूवर आहे हे ओळखण्यासाठी फॉस्फरसचाच उपयोग होतो. निसर्गातील सर्व फॉस्फरस एकाच समस्थानिकाचा, म्हणजे 31 वस्तुमानांकाचा आहे, आणि त्याचे अणुकेंद्र चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना स्पष्ट प्रतिसाद देते. या तंत्राला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. फॉस्फरस ऱ्होडियमला जोडलेला असेल तर त्याची एक रेघ फुटून दोन समान रेघा दिसतात, कारण ऱ्होडियमचे एकमेव नैसर्गिक समस्थानिकही स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. फॉस्फरस प्लॅटिनमवर असेल तर मधल्या मोठ्या रेघेच्या दोन बाजूंना दोन लहान रेघा येतात, कारण प्लॅटिनमच्या सुमारे एकतृतीयांश अणूंचीच केंद्रे अशी चुंबकीय असतात. या खुणांवरून द्रावणातील रचना ओळखता येते, तर क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकाचा अभ्यास करून धातूंमधील नेमके अंतर मोजता येते. दोन्ही पुरावे जुळले की रचना सिद्ध झाली असे मानतात.

या लिगंडाच्या दोन टोकांची वाटणी किती काटेकोर होऊ शकते याचे देखणे उदाहरण सोने आणि चांदी यांच्या एका समूहात सापडते. कार्बन चार बंध करतो हे शाळेत शिकवले जाते; परंतु जर्मनीतील म्युनिक येथे हुबर्ट श्मिडबाउर यांच्या गटाने 1988 मध्ये कार्बनच्या एका अणूभोवती सोन्याचे सहा अणू असलेला आयन बनवला, ज्यात सोन्याच्या प्रत्येक अणूवर ट्रायफिनिलफॉस्फिनचा एक रेणू होता. सहा सोने अष्टफलकाच्या सहा शिरोबिंदूंवर आणि कार्बन केंद्रस्थानी अशी ती रचना असून सोन्याच्या अणूंमधील परस्पर आकर्षण तिला आधार देते. हिशेबासाठी कार्बनला उणे चार आणि प्रत्येक सोन्याला अधिक एक असा भार मानला, तर एकूण भार अधिक दोन येतो. पुढे 2009 मध्ये चीनमधील श्यामेन विद्यापीठातील संशोधकांनी ट्रायफिनिलफॉस्फिनच्या जागी 2-डायफिनिलफॉस्फिनोपिरिडीन वापरले. सहाही फॉस्फरस सोन्यावर बसले आणि सहा नायट्रोजन मोकळे राहिले. मग चांदीचे दोन आयन येऊन अष्टफलकाच्या दोन फलकांवर टेकले आणि प्रत्येकाला तीन-तीन नायट्रोजनांनी धरले. एकूण भार अधिक चार झाला आणि हा समूह तीव्र प्रकाश उत्सर्जित करू लागला. सहा फॉस्फरसांपैकी एकही चांदीकडे वळला नाही, यात सोन्याची फॉस्फरसबद्दलची ओढ आणि उरलेल्या टोकाचे चांदीशी जमणारे नाते या दोन्ही गोष्टी दिसतात.

नायट्रोजनची वलयातील जागा बदलली की सेतूचे स्वरूपच पालटते. तो फॉस्फरसपासून आणखी एक कार्बन दूर, म्हणजे तिसऱ्या जागेच्या हिशेबाने असेल, तर त्याची मोकळी जोडी वेगळ्या दिशेला वळते आणि दोन धातू एकमेकांना भिडू शकत नाहीत. अशा वेळी दुसरा धातू सहकारी न राहता भिंतीसारखा वापरता येतो, हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातील योस्ट रेक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले. त्यांनी फॉस्फरसला तीन पिरिडीन वलये जोडलेले संयुग घेतले, आणि प्रत्येक नायट्रोजनवर जस्त असलेले पॉर्फिरिन, म्हणजे रक्तातील हीमच्या कुळातील मोठे सपाट वलय, बसवले. मधला फॉस्फरस तीन पॉर्फिरिनांच्या कोंडाळ्यात सापडला आणि त्याला जोडलेल्या ऱ्होडियमभोवती दुसऱ्या फॉस्फिनला शिरायला जागा उरली नाही. अल्कीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून आल्डिहाइड बनवण्याची जी अभिक्रिया जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, तिच्यासाठी हा उत्प्रेरक वापरल्यावर वेग सुमारे दसपट झाला, आणि एरवी सरळ साखळीचे आल्डिहाइड जास्त मिळते त्या ठिकाणी शाखित आल्डिहाइडचे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. इथे जस्ताने अभिक्रियेत थेट भाग घेतला नाही. त्याने नुसता परिसर आखून दिला.

नायट्रोजनचे टोक कधीकधी दुसरा धातू न धरताही उपयोगी पडते. शेल कंपनीच्या ॲमस्टरडॅममधील प्रयोगशाळेत एट ड्रेंट आणि सहकाऱ्यांनी प्रोपाइन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांच्यापासून मिथिल मेथाक्रिलेट, म्हणजे अक्रिलिक काचेचा कच्चा माल, एकाच टप्प्यात बनवणारा पॅलेडियम उत्प्रेरक विकसित केला व 1993 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील लिगंड पुन्हा 2-पिरिडिलफॉस्फिनच होता. साध्या ट्रायफिनिलफॉस्फिनने ही अभिक्रिया रेंगाळते, तर या लिगंडाने पॅलेडियमचा एकेक अणू तासाला दहा हजारांहून अधिक रेणू तयार करतो. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की नायट्रोजन अम्लाकडून प्रोटॉन घेतो आणि नेमक्या जागी, धातूच्या जवळ, तो पोचवतो. पिरिडीनच्या वलयावर नायट्रोजनच्या लगत एक मिथिल गट घातल्यावर हव्या त्या उत्पादिताचे प्रमाण 99.9 टक्क्यांच्याही वर गेले. एका टोकाने घट्ट राहावे आणि दुसऱ्याने गरजेप्रमाणे धरावे व सोडावे, अशा लिगंडांसाठी जेफ्री आणि राउखफुस यांनी 1979 मध्ये ‘अर्धसैल’ या अर्थाची संज्ञा रूढ केली होती, आणि पिरिडिलफॉस्फिन हे त्याचे चांगले उदाहरण ठरले.

सजीवांमध्येही याच्याशी जुळणारी रचना आढळते. मानवासह अनेक प्राण्यांच्या पेशींत सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे विकर असते, जे ऑक्सिजनपासून बनलेल्या घातक सुपरऑक्साइडचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत रूपांतर करते. त्याच्या क्रियास्थानी तांबे आणि जस्त असे दोन धातू असतात आणि हिस्टिडीन या अमिनो अम्लाचे, नायट्रोजनचे दोन अणू असलेले वलय त्यांच्यात सेतू बनते. तांब्याने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला की तांब्याकडील सेतूचा बंध सुटतो आणि त्या नायट्रोजनवर प्रोटॉन येतो. इलेक्ट्रॉन परत गेला की सेतू पुन्हा जुळतो. प्रयोगशाळेतील लिगंडात एक टोक फॉस्फरसचे आहे आणि सजीवाच्या विकरात दोन्ही टोके नायट्रोजनची आहेत, एवढा फरक असला तरी सुटू शकणारा सेतू आणि प्रोटॉनची ने-आण यांचे नाते दोन्हीकडे दिसते.

या क्षेत्रातील उणिवाही याच गुणांतून आल्या आहेत. नायट्रोजनचा सैल बंध उत्प्रेरकात सोयीचा असतो, पण द्रावणात दोन धातू एकमेकांपासून सुटून जाण्याचा मार्गही तोच असतो. फॉस्फरसचा घट्ट बंध ऱ्होडियम, पॅलेडियम आणि सोने अशा महागड्या धातूंशी सर्वांत चांगला जुळतो, तर तांबे, लोह आणि जस्त या स्वस्त धातूंवरचे लिगंड पुष्कळदा झपाट्याने जागा बदलतात. म्हणून नवा द्विधातू रेणू आखताना रसायनशास्त्रज्ञ तीन गोष्टी हाताळतात. फॉस्फरसवरील गट बदलून पहिल्या धातूची पकड कमीजास्त करता येते, वलयातील नायट्रोजनची जागा बदलून दोन धातूंमधील अंतर आणि दिशा ठरवता येते, आणि नायट्रोजनच्या शेजारी मिथिलसारखा गट घालून दुसऱ्या टोकाची पकड किती सैल असावी हे ठरवता येते. धातूधातूंत बंध हवा असेल तर दुसरी जागा, एकाला दुसऱ्याभोवती भिंत म्हणून उभे करायचे असेल तर तिसरी, आणि प्रोटॉन पोचवायचा असेल तर पुन्हा दुसरी पण मिथिलसह, अशी निवड वर आलेल्या उदाहरणांतूनच निघते.